दवाखान्याच्या मोटारीचे पाटे

१९५८ साली नागभीड जंक्शनवर गोकुळा चांद्याच्या गाडीसाठी बसली होती. शेजारच्या बाकावर नर्स इंदुताई आणि तिचा जुना ड्रायव्हर लटारू बऱ्याच वर्षांनी भेटले होते. गोकुळाचं सुपारी कातरणं हळूहळू थांबलं.

"आपली मोटार आठवते, लटारूभाऊ? कोरी करकरीत, अन् तिसऱ्याच महिन्यात स्प्रिंगचे पाटे तुटले."

"तीनदा नागपूरले नेली, बाई. दुकानवाला म्हणे, गॅरंटी गाडीची हाय, तुमच्या जंगलातल्या रस्त्याची नाई."

"म्हून त्याले लिहिलं, एकदा येऊन बसून पाहा."

"आला बी! पांढरी पँट घालून. अन् तेवढ्यात चामोर्शीकडून बोलावणं आलं, बाई अडली म्हून."

"मी त्याले मागंच बसवलं."

"अर्ध्या वाटेवर पाटा तुटला. तेही सपाट रस्त्यावर! त्यानं खाली वाकून पाह्यलं अन् सोताच म्हणे, लोखंडच कच्चं हाय."

"मग माही पेटी डोक्यावर घेऊन दोन कोस चालला बिचारा."

"त्या बाईची पोरगी जन्मून रडली तवा अंगणात तोही रडून राह्यला होता. मी पाह्यलं ना!"

"पंधरा दिवसांत नवे पाटे धाडले, फुकट. संगं पोरीसाठी चांदीचे वाळे."

"आता कुठी राह्यता, बाई?"

"नागपूरले. मोठा दवाखाना, डांबरी रस्ता. बायाच चालत येतात माह्याकडे."

"बरं हाय मंग."

"बरंच हाय. पण दारात उभं राहून माही वाट कोणी पाहत नाई, भाऊ."