सत्तर अँपिअर

हॅलो?… हॅलो, कोण, ठकू? अगं जरा मोठ्याने बोल, मी खाली गॅरेजमध्ये आहे… बाबाच बोलतोय, दुसरं कोण बोलणार इथून?

हो, हो… झोपलीये तुझी आई. नर्सबाई आहेत वर… सकाळी दोन चमचे सूप घेतलं, तेवढंच… ऑक्सिजन चालूच आहे. नळी जरा बाजूला झाली तरी ओठ निळे पडतात… हो गं, सांगितलंय डॉक्टरांना.

अगं ऐक ना, बरा आला तुझा फोन. तूच सांग आता, पंचेचाळीस घेऊ की सत्तर?… अल्टरनेटर गं! आठवड्यापासून तेच तर चाललंय. आपल्या गाडीत वीज तयार करायला अजून जुना डायनॅमो आहे. तो देणार बावीस अँपिअर, तेही गाडी पळत असली तर. सिग्नलला उभी राहिली की हा डोळे मिटतो. आणि आईचं ऑक्सिजनचं मशीन एकटंच दहा खातं…

मशीनला स्वतःची बॅटरी आहे, ठाऊक आहे मला. दोन तास चालते. तिला एकदा धरणावर फिरवून आणायचं, तर जाऊन यायला चार तास. मध्ये संपली तर काय, मी फुंकर घालू?… चिडत नाहीये. हिशेब सांगतोय.

बघ, मशीन दहा, दिवे दहा, वायपर तीन, इंजिनाला स्वतःला चार. आणि पायाशी गरम हवेचा पंखा, तो आठ… हो, पंखा बसवतोय!… हस. हस तू.

नाही गं, विसरेन कसा? तीस वर्षं मागत होती. थंडीत पाय गारठायचे तिचे, त्यात मांडीवर तू. आणि मी काय म्हणायचो? डायनॅमोला झेपणार नाही. मूळचा नसलेला एक स्क्रूसुद्धा लावू दिला नाही मी त्या गाडीला… आता मिस्त्री म्हणतात, अहो, अल्टरनेटर बदलायचा म्हणजे एका दुपारचं काम. एका दुपारचं, ठके! तीस वर्षांत मला एक दुपार सापडली नाही… लाज वाटते, दुसरं काय वाटणार?

एक मिनिट हं… काय हो मिस्त्री?… हां, खडूने खूण केलीये ना, तिथेच. कापा… अहो, कापा म्हणतोय ना!

ब्रॅकेट गं, डायनॅमो धरून ठेवणारा. पंचेचाळीसचा जुन्या जागी अलगद बसतो, पण गाडी उभी असली की जेमतेम वीस देणार. सत्तरचा अंगाने जाडा, त्याला जागा करायची तर मूळचा ब्रॅकेट कापावाच लागतो… हो, म्हणजे ठरलंच आहे. विचारायचं म्हणून विचारलं तुला… हो, मीच कापायला सांगितलं. मीच. खोटं वाटतंय?

अँब्युलन्स? काही नको. तिला आपल्याच गाडीतून जायचंय… मी स्वतः विचारलं. मान हलवली तिने… होकाराचीच हलवली, मला कळत नाही का?

काय?… कुणाला म्हणाली?… तुला? तिला धड बोलवत नाही गं… हां, नर्सबाईंनी कानाला धरला फोन. मला कुणी बोललं नाही… काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांग.

…

‘त्यांचा हिरमोड नको म्हणून हो म्हटलं.’ … असं म्हणाली?

आणि?… आणखी काहीतरी म्हणाली असणार. लपवू नकोस, सांग.

… हं… हं…

‘घटकाभर वर येऊन बसले असते तर बरं झालं असतं.’

… आहे, आहे मी फोनवर. … आठ दिवस, ठकू. आठ दिवस मी खालीच आहे. जेवणसुद्धा इथेच, टूलबॉक्सवर ताट ठेवून. वर जातो तोवर ती झोपलेली असते. मला आपलं वाटत होतं, मी तिच्यासाठीच मरमर करतोय…

डॉक्टर तुला काय म्हणाले? खरं सांग… मला तर ‘बघू’ म्हणाले… आठवडा? अख्खा?… कमीच म्हणजे किती?… बरं. नको सांगूस.

हो, रडतोय. मिस्त्री बघतायत, बघू देत.

पण वर जाऊन मी बोलू काय तिच्याशी?… तसं नाही गं. गाडीशिवाय मला येतं काय दुसरं? जन्मभर मी कार्ब्युरेटर सांगत बसलो आणि ती बिचारी ‘हं, हं’ करत आली… तिला काय हवं ते मी विचारलंच नाही कधी. आता ती बोलूही शकत नाही धड.

नुसता बसू?… हात धरून… माझे हात बघ कसे झालेत, काळेमिट्ट… धुतो, धुतो… हो, साबणाने. आता मला काय शिकवतेस?

मिस्त्री, थांबवा ते… अहो, राहू द्या अर्धवट. जा तुम्ही घरी… उद्या? उद्याचं मला काही विचारू नका.

तू कधी निघतेस?… रविवारी नको. आज नीघ. रजा मिळो न मिळो, आज नीघ…

थांब जरा, नर्सबाई जिन्यावरून हाक मारतायत… काय?… जागी झाली? आत्ता?… अगं ठकू, खालची ठाकठूक बंद झाली म्हणून जागी झाली. मी कुठे गेलो, विचारतेय…

आलो म्हणावं! सांगा तिला, आलो!… ठेवतो गं, ठेवतो.