तीन सूत

—नाही, तो जिग विकायचा नाही, दुसऱ्यांदा सांगतोय. पैशाचं नाव काढू नका, फोन खिशात ठेवा. व्हाइटफील्डवरनं जयनगरला दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून आलात म्हणून या मालोजी टिंकरनं आपला जिग उचलून तुमच्या टेम्पोत घालायचा, असं आहे का? बसा. त्या स्टुलावर, स्वल्प सांभाळून, एक पाय हलतो त्याचा. नाव काय म्हणालात — गिरीराज. पुण्याचे ना? तोंड उघडलंत तेव्हाच कळलं. आमचं मराठी ऐकून हसू येत असेल, येऊ द्या. चारशे वर्षं झाली आमच्या लोकांना इकडं बेंगळूरकडं, 'बरं'ला सरी म्हणतो, 'जरा'ला स्वल्प म्हणतो, पण वाकड्याला सरळ म्हणत नाही.

ते ड्रॉइंग दाखवा. अरे वा, रंगसुद्धा भरलेत. निळा, लाल — आणि हे काय, गाडी गोल फिरवायचा स्टँड? वडलांची फियाट दोन्हीकडनं सळईत ओवून फिरवणार? कोंबडी भाजायचीय का? व्हिडिओत बघितलं म्हणता. व्हिडिओतला तो माणूस शेडमध्ये काम करतो, शेजारी अर्धा मैल कुणी नाही त्याला. तुमच्याकडं काय आहे — बेसमेंटमधली एक पार्किंग, मध्ये खांब, वर सोसायटीचा सेक्रेटरी. पहिली ठिणगी उडाली की वॉचमन खाली. आणि वेल्डिंग किती दिवस शिकलात? दोन शनिवार. चांगलंय. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तुमच्याकडं बैलसुद्धा ऑनलाइन मागवलेला.

जिग म्हणजे काय, सांगा बघू — नाही, फोनमध्ये बघून नको. असू द्या, मीच सांगतो. या जुन्या गाडीला खाली वेगळी चासी नाही. पत्रा हीच चासी. तळाचा पत्रा गंजला, दाराखालच्या पट्ट्या गंजल्या, ते सगळं कापून काढलं की गाडीत उरतं काय? टप आणि अब्रू. मधनं बसते ती, हळूच बसते, तुम्हाला कळतसुद्धा नाही — आणि तशीच नवा पत्रा लावून वेल्ड केली की जन्माची वाकडी. दारं लागत नाहीत, सरळ रस्त्यावर एका अंगाला ओढते. म्हणून कापायच्या आधी चाकांची जोडणी जिथं बसते ती भोकं बोल्टनं धरून ठेवणारी एक लोखंडी चौकट लागते, जागची न हलणारी. चौकट सांगते आणि गाडी ऐकते. एवढंच आहे ते, त्याला रंग कशाला पाहिजेत.

बरं, ही मापं कुठनं आणलीत? — तुमच्याच गाडीवरनं. जॅकवर चढवून. थांबा, नीट समजून घेऊ द्या मला. अकरा वर्षं झाडाखाली कुजलेली गाडी, मधनं बसलेली, तिची मापं काढून तुम्ही चौकट करणार, आणि ती चौकट त्याच गाडीला सरळ करणार. शाबास. आधी कळस मग पाया. ही चौकट तुमच्या गाडीला बरोब्बर बसेल, साहेब, एक बोल्ट अडणार नाही — आणि तिथंच तुम्ही फसाल. वाकडा जिग वाकड्या गाडीशी कधी भांडत नाही. तीन धड गाड्या मोजायच्या असतात. कधी न ठोकलेल्या, न कापलेल्या. एकानं टेप धरायची, एकानं वाचायचं, मग जागा बदलून परत. तिन्हींची मापं जुळली तरच लोखंडाला हात लावायचा.

कुणी शिकवलं म्हणजे? शिकवायला कोण येतंय. रघुपती म्हणायचा असं. धाकटा भाऊ माझा. त्याच्यासारखा वेल्ड या जयनगरात कुणी घातला नाही, मी पण नाही — हे मी कुणाला सांगत नाही, तुम्ही पण सांगू नका. पण धाकट्यानं थोरल्याला शहाणपण शिकवायचं, ही काय रीत झाली? तो म्हणाला, अण्णा, तीन गाड्या मोजू. मी म्हणालो, तीन गाड्या काय तुझा सासरा आणून देतोय? अंगणात एक उभी होती, पॉलिश मारलेली, झकास. तिच्यावरनंच मापं घेतली. तिला मागनं केव्हातरी धक्का बसलेला, ते मला दिसलं नव्हतं — नाही, तुमच्यासमोर खोटं कशाला बोलू, दिसलं होतं. डिकीचं झाकण एका बाजूनं घासत होतं. त्यानं बोट ठेवून दाखवलं. मी म्हणालो, बिजागरी सैल आहे, तू टेप धर.

हाच तो जिग, हो, हाच. बघू नका असं त्याच्याकडं. सात गाड्या गेल्या त्याच्यावरनं, आणि सातही डावीकडं ओढायच्या. गिऱ्हाईक आलं की मी म्हणायचो टायर बघा, रस्ते बघा. बेंगळूरच्या रस्त्यांवर काय पण खपतं. आठव्या गाडीचा मालक आला तो नेमका आयुधपूजेच्या दिवशी. हत्यारं धुऊन मांडलेली, जिगला झेंडूचे हार, कोहळा फोडायला घेतलेला, चार दुकानांची माणसं जमलेली — आणि हा सगळ्यांसमोर ओरडतो की तुमचा जिगच खोटा आहे. मग मी काय करायचं? सांगा ना, तुम्ही काय केलं असतं? मी म्हणालो, जिगला काही झालेलं नाही, आमच्या रघुपतीचा हात वाकडा पडायला लागलाय. एकदाच म्हणालो. तो भांडला असता तर मीही भांडलो असतो आणि संपलं असतं. पण तो माझ्याकडं बघेचना, आपल्या हाताकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी आला नाही. एकोणीस वर्षं झाली. आता चिकपेटात नटबोल्ट विकतो. वेल्डिंगचा चष्मा परत डोळ्याला लावला नाही म्हणे त्यानं.

मला तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं हो. सहा महिन्यांनी एक गाडी आली नुसत्या रंगाला, एका म्हातारीची, कंपनीतनं आली तशी. गंमत म्हणून जिगवर चढवली. मागच्या डाव्या भोकात बोल्ट जाईना. तीन सूत. तीन सूत म्हणजे किती — करंगळीचं नख बघा, एवढं. दुसरी गाडी बघितली, तिसरी बघितली. तीन सूतच. तिथंच खाली बसलो मी. लाज वाटली, दुसरं काय.

सांगायला गेलो का? चिकपेट काय लांब आहे, मेट्रोनं पंधरा मिनिटं. जमनाबाई, म्हणजे माझी बायको, दर सणाला म्हणायची, भाऊजींना बोलवा. मी म्हणायचो, त्याला यायचं तर येईल. जिग कापून सरळ करायचा होता — पण कापला असता तर तिनंच विचारलं असतं, एवढा खरा जिग कापला कशाला? म्हणून एक पट्टी घातली. तीन सुतांची. वरनं रंग मारलाय, दिसत नाही. त्या पट्टीशिवाय तो खोटा, पट्टीसकट खरा, आणि पट्टी कुठं सारायची ते मला एकट्याला ठाऊक. म्हणून विकत नाही. कळलं? आणि दर आयुधपूजेला अजून कोहळा फोडतो त्याच्यापुढं, कुंकू लावतो. माणसं हात जोडतात.

आणि एक सांगा — माझा बोर्ड नाही, तुमच्या फोनवर मी सापडत नाही, मग माझ्या जिगचं तुम्हाला कळलं कुठनं? — कुठं? — चिकपेटात. कसल्या दुकानात? — नटबोल्टच्या.

काय म्हणाला तो. नाही, तुमच्या शब्दांत नको, त्याच्या शब्दांत सांगा.

'अण्णाच्या जिगवर डोळे मिटून विश्वास ठेवा. त्याच्यावर गाडी वाकडी झाली तर समजा हात तुमचा वाकडा.'

असं म्हणाला. हसत म्हणाला का? — नाही.

उठा. ते ड्रॉइंग घ्या आणि चला. तीन गाड्या मोजा आणि काय करायचं ते करा. परत चिकपेटात गेलात आणि त्यानं विचारलं, तर म्हणावं, म्हातारा विकत नाही म्हणाला. तेवढंच. पट्टीचं काही नाही, सुतांचं काही नाही, मी तुमच्याशी काही बोललोच नाही. सरी? जावा आता.