शिवेवरचा घास

"मी सांगतो वहिनी, फी पुरी पोचणार. एक पैसा कटला तर अख्ख्या लाईनीला उस्मानिया बिस्किटं!" हैदराबादेत, काचीगुड्याच्या बँकेत गेल्या खेपेला एकनाथरावांनी शेजारच्या सत्यवतीबाईंशी पैज मारली होती. आज दोघं पुन्हा लाईनीत.

"पोचली का तुमच्या लेकाची, हर्षवर्धनची फी जर्मनीला?"

"पोचली. अ‍ॅडमिशन वाचलं."

"मग जिंकलो! साहेब म्हणालेच होते, चार्ज झीरो."

"कशाचं जिंकता? मी वर जास्तीचे घातले होते. नेमके तेवढेच वाटेत गेले."

"क्या बातां करते!" एकनाथराव खिडकीतल्या साहेबांकडं वळले. "ओ साहेब, कुणी कापले?"

"पैसे पुढं पोचवते ना, त्या मधल्या बँकेनं, काका. आमचा झीरोच."

"कुठली मधली?"

"आम्हालाही दिसत नाही."

"वहिनी, तुम्हाला कसं कळलं?"

"गावाकडं शीव ओलांडताना डब्यातला घास काढतोच की, तिथल्या राखणदारासाठी. पैसा तर सात शिवा ओलांडणार."

एकनाथरावांनी मुकाट्यानं बिस्किटं आणून वाटली. शेवटचं मात्र खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

"ते कुणाला हो, भाऊजी?"

"असू द्या."

एकनाथरावांनी वळून पाहिलं, तर कट्ट्यावर नुसता चुरा. आपापली अख्खी बिस्किटं हातात धरून लाईन तशीच उभी होती. कुणीच अजून घास घेतला नव्हता.