चासीवरची पट्टी

ऐका. ऐकायचं असेल तर नीट ऐका, आणि मधेच खी खी करायचं असेल तर आत्ताच घरी जाऊन झोपा. गजानना, तुलाच सांगतोय. उद्या सड्याच्या घाटानं उतरणार ना तू? मग सरक पुढे. शेकोटीजवळ बस.

तेव्हा माझी तिशी होती. गॅस वेल्डिंगमध्ये अख्ख्या तालुक्यात माझ्या तोडीचा कोणी नव्हता. खोटं वाटतं? विचारा या आबाला. डोंगरातल्या जुन्या जीपगाड्या, माणसं आणि लाकडं वाहून खिळखिळ्या झालेल्या, सगळ्या या बाळा मिस्त्रीच्या दारात. चासी म्हणजे गाडीचा कणा, बरं का. खालचा लोखंडी सांगाडा. आपल्याकडच्या पावसात तो गंजतो, आतून पोकळ होतो. खरं काम म्हणजे कुजका भाग कापून काढायचा आणि नवं लोखंड बसवायचं. त्याला लागतात दोन दिवस. मी काय करायचो? वरून लोखंडी पट्टी ठोकायचो, कडेनं वेल्डिंगचे टाके मारायचो, वर डांबर फासायचो. तासाभरात गाडी रस्त्यावर! सगळेच करत होते रे. मी जरा जास्त सफाईनं करत होतो.

तर एके दिवशी, दिवेलागणीला, दारात माणूस. मफलरनं तोंड झाकलेलं. म्हणाला, "मिस्त्री, घाटात गाडी बसलीय. चासी मोडली. सकाळी वऱ्हाड न्यायचंय, आत्ताच चला." आणि पुढे चालायला लागला. चालत! सहा मैलांची घाटवाट, आणि गडी चालत निघाला. तिथंच कळायला नको होतं का मला? माझी बायको म्हणाली, "अहो, अंधार पडतोय, सकाळी जा." मी म्हटलं, "सकाळपर्यंत ते दुसरा मिस्त्री गाठतील. तू गप्प बस."

बैलगाडीत ऑक्सिजनची टाकी टाकली, गॅस बनवायचं कार्बाइडचं भांडं टाकलं, कंदील लावला आणि निघालो. पिंपरणीच्या वळणावर बैल थांबले. चाबूक ओढला, शेपट्या पिरगाळल्या. हलायला तयार नाहीत. कान ताठ, अंगावर काटा. आणि समोर जीप उभी. एकटी. आसपास चिटपाखरू नाही.

हाक मारली. कोणी ओ दिली नाही. म्हटलं, गेला असेल झाडाआड, आपण आपलं काम उरकू. सामान उतरवलं. आमच्या धंद्याची एक रीत असते. गाडीखाली शिरण्याआधी आपल्या चपला ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायच्या. म्हणजे कोणी येऊन गाडी सुरू करत नाही, त्याला कळतं की खाली माणूस आहे. ठेवल्या चपला. शिरलो खाली.

हातोडीनं चासी ठोकली. चांगलं लोखंड टण्ण वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं. मी एकदा ठोकलं. भद्द.

वरून दोनदा वाजलं. भद्द. भद्द.

हसू नकोस गजानना! मलाही वाटलं, मालक आला असेल. म्हटलं, "कोण ते?" पुन्हा ठोकलं. वरून पुन्हा दोनदा. तेवढ्यात बैलांनी हिसका दिला आणि गाडी घेऊन पळाले घराकडे. घुंगरं वाजत वाजत लांब गेली. आता मी आणि ती जीप!

बाहेर निघावं म्हणून सरकलो, तर छातीला लोखंड लागलं. जीप खाली आली होती रे! शिरताना हातभर जागा होती, आता वीतभर. पाय हलवावेत तर गुडघे अडकलेले. मान वळवली तर कंदिलाच्या उजेडात पावलं दिसली. माझ्याच चपला घातलेली पावलं. टाचा माझ्याकडे, बोटं दरीकडे. म्हटलं, पाठमोरा उभा आहे कोणीतरी. मग ते वाकलं. आणि टाचा माझ्याकडे असूनही, आई गं, तोंड माझ्याच समोर आलं!

मफलर तोच. म्हणालं, "मिस्त्री, काम करा."

मी काय करणार? पट्टी घेतली, गॅस पेटवला. चार टाके मारले. पट्टी सुटून माझ्या गळ्याजवळ पडली. दुसरी मारली. तीही पडली. आणि दर पट्टीमागे जीप बोटभर खाली. तिसरी पडली तेव्हा मला श्वास पुरा घेता येईना. मी रडत होतो, सांगतो तुम्हाला. घरी बायको वाट बघतेय, आणि आपण इथं चिरडून मरणार, हेच डोक्यात.

चौथ्यांदा ज्योत वर धरली तेव्हा डांबर वितळून गळालं. खाली जुनी पट्टी. तिच्या कडेचे टाके मी बघितले. मिस्त्री आपला टाका ओळखतो रे, आई लेकराला ओळखते तसा. ते टाके माझे होते.

हैबती ड्रायव्हरची जीप! दोन वर्षांपूर्वी हैबती माझ्या दारात म्हणाला होता, "मिस्त्री, वरून नको, कापून करा." मी म्हटलं होतं, "नातवापर्यंत टिकेल, जा." पावसाळ्यात जीप हैबतीसकट याच वळणावरून दरीत गेली. लोक म्हणाले, ब्रेक गेला. मीही मान डोलावली. मला ठाऊक होतं रे. तेव्हाही ठाऊक होतं.

"हैबती," मी म्हटलं, "ब्रेक नव्हता गेला. माझी पट्टी गेली."

ते म्हणालं, "कापा."

आता बघा. त्या जुन्या पट्टीचा तेवढाच दुवा जीप तोलून धरत होता. तो कापला तर धूड माझ्यावर! न कापलं तरी मरणारच. डोळे मिटले आणि ज्योत लावली. ठिणग्या तोंडावर. पट्टी तुटली, मागोमाग चासी तुटली. जीपचा पुढचा भाग बॉनेटवर आपटला आणि मागचा वीतभर वर उचलला गेला. त्या फटीतून मी लोळलो. पाठीचं कातडं तिथंच राहिलं. मागं न बघता, अनवाणी, सहा मैल पळालो. चार दिवस तापानं फणफणलो.

आबाला आणि आणखी चौघांना तिथं पाठवलं. रस्त्यावर फक्त माझी टाकी आणि भांडं. जीप दरीत, वेलींनी गुरफटलेली, दोन वर्षांपासून होती तिथंच. पण चासी मधोमध कापलेली, आणि काप ताजा, गॅसच्या ज्योतीनं होतो तसा निळा. आबा, सांग की. मान काय हलवतोस नुसती?

उठलो तसा घरोघर फिरलो. माझ्या पट्टीवर धावणाऱ्या एकवीस गाड्या आठवल्या. हाता-पाया पडून एकेक परत आणली, कापली, नवं लोखंड घातलं. वीस झाल्या. एकविसावी हिरवी होती. घाटाखाली कुणाला तरी विकली गेली होती. खूप शोधली. नाही सापडली.

म्हणून गजानना, तो घाट सोड. लांबून वळसा घे, एस.टी.नं जा. आणि जायचंच झालं, तर पिंपरणीच्या वळणावर हिरवी जीप थांबली, ड्रायव्हर हसून "बसा" म्हणाला, तर बसू नकोस. तो ड्रायव्हर जिवंत माणूस असेल रे. त्याला खालच्या माझ्या पट्टीचं काहीच माहीत नसेल.