गणिताचे सर आणि फायनलचा गोल

मला इंजिनियरिंगला कुणी घेतलं, सांगू? मार्क थोडे कमी होते, म्हणून फुटबॉलच्या सर्टिफिकेटवर मुलाखतीला गेलतो. प्रिन्सिपॉल म्हणाले, "इथं खेळणारी पोरं पहिल्याच वर्षी नापास होतात."

त्यांच्या शेजारी गणिताचे सर बसलेले, आमच्या पलीकडच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचे कट्टर समर्थक. फायनलला त्यांच्या टीमवर गोल घातलेला मीच. म्हटलं, संपलं आता.

सर म्हणाले, "साहेब, ह्याला घ्याच. गणितात असा जुंपतो की मैदानाकडं फिरकायचा न्हाय."

वर्षभर खरंच रगडलं त्यांनी. गणितात पहिला आलो आणि पुढच्या फायनलला त्यांच्या टीमवर दोन गोल घातले. दोन्हीच्या पेढ्यांचे दोन पुडे घेऊन सरांच्या घरी गेलो.

सर म्हणाले, "गणिताचा ठेव. दुसरा पुडा उचल."