तीन राजे आणि आमची तलवार

एक सांगतो, दुसऱ्याच्या गोष्टीत खोट काढायच्या आधी आपल्या आईले घराबाहेर पाठवून द्यावं.

रायपूर छत्तीसगडची नवीन नवीन राजधानी झालं, तेव्हा जशपूरचे टोप्पो भैया बदली होऊन आमच्या शेजारी आले. नाताळात त्यांनी दारात येशूच्या जन्माचा देखावा मांडला. गोठ्यात बाळ आणि समोर तीन राजे.

मले कशावरही पटकन भरवसा बसत नाही. विचारलं, "तीनच काहून? बायबलात आहे का तसं?"

"नाही," भैया आरामात म्हणाले. "त्यात पूर्वेकडचे ज्ञानी लोक आले एवढंच आहे, किती ते नाही. भेटवस्तू तीन होत्या, म्हणून माणसं तीन झाली. त्यांचे राजे तर लोकांनी फार मागून केले."

"म्हणजे वस्तू पाहून माणसं बनवली!" मी त्यांले पकडलंच. "आमच्यात असं चालत नाही. आमचे खापरपणजोबा मराठ्यांच्या फौजेत सरदार होते." आणि घरात नेऊन भिंतीवरची तलवार दाखवली.

भैयांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "तलवार है, इसलिए सरदार थे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून आई बोलली, "काहीतरी सांगू नको रे. ते तलवार तुह्या बाबानं लग्नात नवरदेव म्हणून हातात धरली होती. गोल बाजारातून आणली होती."

भैया हसले नाहीत. तलवार हळूच खुंटीवर टांगून त्यांनी विचारलं, "तो बताइए, राजा हटा दूँ?"

"राहू द्या भैया," मी म्हटलं. "सरदारही राहू द्या."