आवरलेलं घर

बाल कल्याण समितीच्या दाराबाहेर ताटकळलेल्या उत्कर्षाला शेजारच्या बाकावरचं भांडण ऐकायचं नव्हतं, पण आवाजच असा चढला होता. मार्केट यार्डात कांदा निवडणारी द्वारका चौकशी करणाऱ्या मॅडमना जाब विचारत होती. या मॅडमनी घर बघून दिलेल्या अहवालावरूनच तिच्या मुलीला महिन्यापूर्वी बालगृहात नेलं होतं.

“घरात मुलीची वही नाही, खेळणं नाही, असं कसं लिहिलंत?”

“दिसलं ते लिहिलं.”

“अहो, तुम्ही येणार म्हणून मी पहाटे उठून सगळं ट्रंकेत भरलं! तुमच्याकडे पाहुणे आले की पसारा तसाच ठेवता का?”

“मग ट्रंक उघडून दाखवायची होती.”

“तुम्ही टेकलात तरी का? चहा निवायच्या आत निघालात! तेवढ्यात कळलं तुम्हाला, मी आई कशी आहे ते?”

“आवाज खाली, द्वारकाबाई. आम्ही पुन्हा घर बघायला येऊ.”

“या की, न सांगता या! तुमची माणसं न्यायला आली तेव्हा पोरगी अभ्यास करत होती. वही अजून तशीच उघडी आहे भुईवर. महिना झाला, मी केर काढते तो तिच्या कडेकडेनं.”